फिल्टर न लावता बागेतल्या तळ्याचं पाणी स्वच्छ राहू शकतं का?

हो, राहतं. माझं तळं बरीच वर्षं पंप आणि फिल्टरशिवाय चाललंय आणि तळाची खडी वरून स्पष्ट दिसते. पण तुम्ही लिहिलंय की तळं सहा बाय चार फूट आणि दोन फूट खोल आहे, त्यात चार कोई मासे आहेत, महिन्याभरात पाणी हिरवं झालं, म्हणून तुम्ही दर रविवारी सगळं पाणी उपसून तळं घासता, आणि दुकानदार म्हणतो फिल्टरशिवाय गत्यंतर नाही. यातले कोई आणि रविवारचं घासणं या दोन गोष्टी सुरू आहेत तोवर पाणी निवळणार नाही.

आधी घासण्याचं बोलू. माशांच्या कल्ल्यांतून पाण्यात सतत अमोनिया उतरत असतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तोच तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातकच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने बरंच निरुपद्रवी. विकतच्या फिल्टरमधला स्पंज कचरा अडवतो, पण अमोनियाचा निकाल लावतात ते त्या स्पंजवर वाढलेले जिवाणूच. हे जिवाणू तळ्याच्या भिंतीवर, खडीवर, कुंड्यांवर, वनस्पतींच्या मुळांवरही तितकेच आनंदाने राहतात. भिंतीला हात लावल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, त्यातच ते असतात. नव्या तळ्यात त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही तो थर दर आठवड्याला ब्रशने काढता, म्हणजे तुमचं तळं कायम पहिल्या आठवड्यातच राहतं. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही मारतं.

हिरव्या रंगाला घाबरू नका. ते एकपेशीय शेवाळ आहे, माशांना त्याचा थेट त्रास नसतो. ऊन आणि पाण्यात विरघळलेलं खत, म्हणजे वर सांगितलेलं नायट्रेट वगैरे, मिळालं की ते वाढतं. शेवाळ मारायचं औषध मात्र टाकू नका. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे गुदमरतात. शेवाळाचं खत दुसऱ्या कुणीतरी आधी पळवणं आणि ऊन अडवणं हाच खरा उपाय आहे, आणि ही दोन्ही कामं वनस्पती करतात.

माझ्या मते तळ्याचा निम्मा ते दोनतृतीयांश पृष्ठभाग पानांनी झाकलेला हवा. त्यासाठी वॉटर लिली उत्तम. तिला पाच-सहा तास ऊन लागतं आणि हलतं, उडतं पाणी आवडत नाही, त्यामुळे पंप नसलेलं तळं तिला मानवतं. रुंद कुंडीत साधी चिकणमाती भरा आणि वर खडीचा थर द्या. शेणखत किंवा कंपोस्ट अजिबात घालू नका, ते विरघळून थेट शेवाळाच्या तोंडी जातं. कुंडी सुरुवातीला विटांवर उंच ठेवा आणि पानं वर आली की हळूहळू खाली उतरवा.

पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती दिसत नाहीत म्हणून लोक त्या टाळतात, पण जास्तीत जास्त काम त्याच करतात. हॉर्नवर्ट, हायड्रिला, वॅलिस्नेरिया यांपैकी जे मिळेल ते पहिल्या दिवसापासून भरपूर टाका. दोन-चार काड्यांनी काही होत नाही. सोबत तरंगणारी पिस्टिया ठेवा. तिचं एक रोप उचलून पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात ठेवून बघा. मुळांच्या पिसाऱ्यावर तपकिरी लव धरलेली दिसते, आणि मिनिटभरात त्यातून टाचणीच्या टोकाएवढे जीव उड्या मारत बाहेर पडतात. ते शेवाळ गाळून खाणारे डॅफ्निया आणि त्यांचे भाऊबंद. मला तळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. पिस्टिया फार पसरते, म्हणून जादा रोपं दर आठवड्याला काढून झाडांच्या बुडाशी टाका. रोपासोबत त्याने शोषलेलं खतही पाण्याबाहेर जातं. ओढ्यात किंवा नदीत मात्र ती कधीही टाकू नका.

आता मासे. कोईंच्या बाबतीत दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. ते दोन फुटांपर्यंत वाढतात, घाण भरपूर करतात आणि तळ उकरून वनस्पती उपटतात. तुमच्या तळ्यात साधारण 1,350 लिटर पाणी मावतं. मोठ्या कोईंना ते फिल्टर लावूनही कमीच पडेल. ते मोठं तळं असलेल्या कुणाला तरी देऊन टाका. मग दोन महिने मासे नकोत, फक्त वनस्पती. त्या काळात डॅफ्निया वाढतात आणि बहुतेक वेळा पाणी तेवढ्यातच निवळतं. त्यानंतर बोटापेक्षा लहान जातीचे दहा-बारा मासे सोडा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला, आणि एखादा दिवस घातलं नाही तरी चालतं.

पंप नाही म्हणजे प्राणवायू पृष्ठभागातून आणि पानांमधून येणार. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून तो सर्वांत कमी असतो पहाटे. पाणी तापलं की त्यात तो मावतोही कमी: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. त्यामुळे उन्हाळ्यात उजाडायच्या सुमारास तळ्यापाशी जा. मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर मासे जास्त झालेत किंवा तळाशी कुजका पाला साचलाय. तेवढ्यापुरतं बादलीने पाणी उंचावरून ओतलं तरी त्यांना हुशारी येते, पण मासे कमी करणं आणि पाला काढणं टळत नाही.

पाणी कधीच पूर्ण बदलू नका. महिन्यातून एकदा दहा-पंधरा टक्के काढून झाडांना घाला आणि तेवढंच नवं भरा. नळाचं पाणी आधी एक-दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. पण पुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं उडत नाही, क्लोरीन काढायचं औषध लागतं. वाफेने घटलेलं पाणी भरून काढणं आणि पाणी बदलणं यांत गल्लत करू नका. वाफ होताना क्षार मागेच राहतात, म्हणून थोडं पाणी काढावंच लागतं.

डासांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण साचलेल्या पाण्यात तो प्रश्न येणारच. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. छोटे मासे अळ्या टिपतात, पण सुरुवातीच्या बिनमाशांच्या दोन महिन्यांत दर तीन-चार दिवसांनी बारीक जाळीने पृष्ठभागावरच्या अळ्या काढत राहा. चतुरांनी एकदा अंडी घातली की त्यांच्या अळ्याही डासांच्या अळ्या खातात. डासांच्या अळ्या खातो म्हणून गॅम्बुसिया मासा कुणी सुचवला तर घेऊ नका. तो बेडकांची पिल्लं आणि इतर माशांची अंडीही संपवतो, आणि तळं भरून वाहिलं की बाहेरच्या पाण्यात पोचतो.