मीटिंगचा पत्ता आणि पहिला फोन

प्रश्न : माझे पती (वय 44) शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून ते दीड महिन्यापूर्वी घरी आले आणि तेव्हापासून त्यांनी दारू घेतलेली नाही. ‘ए.ए.च्या (दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या संघटनेच्या) मीटिंगला नियमित जा,’ असे केंद्रातून बजावले होते. इंटरनेटवर सापडलेल्या एका शाळेच्या पत्त्यावर आम्ही दोघे गेलो, तर फाटकाला कुलूप. आता ते म्हणतात, ‘कोल्हापुरात मला सगळे ओळखतात, तिथे जाऊन शोभा करून घ्यायची नाही.’ आषाढ आला आहे. त्र्यंबोलीच्या यात्रेनिमित्त मटणाची जेवणे होतील आणि तालमीतले मित्र बोलावल्याशिवाय राहणार नाहीत. मीटिंग कशी शोधावी? त्यांच्या वतीने मी फोन केला तर चालेल का?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : फाटकाला कुलूप दिसले म्हणजे समूह बंद पडला, असे लगेच समजू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, अर्थात ए.ए., या संघटनेचे समूह स्वतःची वास्तू बाळगत नाहीत. शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह किंवा रुग्णालयातील एखादी खोली ते ठरलेल्या वारी तास-दीड तासापुरती घेतात. परीक्षा आल्या, सुट्टी लागली किंवा किल्ली सांभाळणारा शिपाई बदलला, की जागा वा वेळ बदलते आणि इंटरनेटवरचा पत्ता मात्र जुनाच राहतो. त्यामुळे मीटिंगची चौकशी माणसांकडे करावी. सर्वप्रथम ज्या केंद्रात उपचार झाले तेथील समुपदेशकांना विचारा, कारण ए.ए.चे जुने सभासद आपला अनुभव सांगण्यासाठी अशा केंद्रांत जात असतात. कोल्हापूरच्या शासकीय सीपीआर रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे चौकशी करता येईल, तसेच केंद्र शासनाची 14446 ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. समूहातील एखाद्या सभासदाचा क्रमांक हाती आला, की घरातून निघण्यापूर्वी त्याच दिवशी फोन करून मीटिंग आज आहे ना, किती वाजता आहे आणि कोणत्या फाटकातून आत यायचे, एवढे विचारून घ्यावे.

हा चौकशीचा फोन आपण अवश्य करा. मात्र पत्ता कळल्यावर फोन पतींच्या हाती द्या. ए.ए.चे सभासद होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा, आणि ती दुसऱ्याच्या वतीने कळवता येत नाही. या संघटनेचा उगमही एका फोनमध्येच आहे. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरात एका व्यवहारात अपयश आलेला, पाचेक महिने दारूपासून दूर राहिलेला एक शेअर दलाल हॉटेलच्या बारकडे ओढला जात असताना फोनकडे वळला आणि आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीशी बोलता यावे म्हणून त्याने तेथील चर्चच्या लोकांना फोन लावला. त्यातून त्याची गाठ दारूने ग्रासलेल्या एका शल्यविशारदाशी पडली. हे दोघे पुढे संघटनेचे संस्थापक ठरले. त्या दिवशी त्या दलालाला दुसऱ्या मद्यपीशी बोलायचे होते ते स्वतः दारूपासून दूर राहण्यासाठीच. समूहातील सभासदालाही असे बोलणे तितकेच उपयोगी पडते, त्यामुळे आपल्या पतींचा फोन घेणाऱ्याला तो उपद्रव वाटणार नाही.

राहिली ओळखीची भीती. मीटिंगमध्ये आडनाव, नोकरी, पेठ यांपैकी काही विचारत नाहीत. प्रवेश फी नसते आणि पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असेही नसते. वर्गणीची पिशवी फिरते, पण नवागताने तीत काही टाकावे अशी अपेक्षा नसते. तेथे एखादा ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. (रात्री रंकाळ्याच्या बाजूने तोल सावरत येणारा माणूस सगळ्या पेठेला दिसतो, संध्याकाळी शाळेत शिरणाऱ्याला मात्र लोक पालकसभेला आलेला समजतात.) एवढे सांगूनही संकोच गेला नाही, तर सुरुवातीला सांगली किंवा इचलकरंजी परिसरातील समूहाची चौकशी करावी.

‘खुल्या’ मीटिंगला आपणही बसू शकता, ‘बंद’ मीटिंग केवळ मद्यपींसाठी असते. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना 1951 पासून कार्यरत आहे. तिची चौकशी याच फोनवर करून घ्यावी.

आषाढातील जेवणांबाबत कोणी आपल्याला ‘जेवणातून गुपचूप औषध घाला’ असा सल्ला देईल, भिंतींवरही तशा जाहिराती दिसतात. तसे कदापि करू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर रक्तदाब एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते. तसेच, दुर्दैवाने पुन्हा काही दिवस सतत पिणे झाले आणि ते अचानक थांबल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके किंवा भास सुरू झाले, तर मीटिंगची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

यात्रेच्या जेवणाचे आमंत्रण ज्या संध्याकाळी असेल, त्या संध्याकाळी समूहाची मीटिंग असल्यास तेथेच जावे, नसल्यास जेवणाच्या वेळेपूर्वी पतींनी समूहातील सभासदाशी फोनवर बोलून घ्यावे. पहिल्या दिवशी आपण त्यांना फाटकापर्यंत सोडायला जा. परत आल्यावर आत कोण कोण होते आणि कोण काय बोलले, हे मात्र विचारू नका.