वाचकांचे प्रश्न : बिटकॉइनजेची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून मला जावा बऱ्यापैकी येते. ‘बिटकॉइनजे’ ही बिटकॉइनसाठीची जावातील मुक्तस्रोत लायब्ररी वापरून एक छोटे वॉलेट (बिटकॉइन सांभाळणारा प्रोग्राम) लिहावे असा विचार आहे. त्यासाठी आधी थोडे बिटकॉइन विकत घ्यावे लागतील का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. किंबहुना पहिले काही महिने आपल्या प्रोग्रामला खऱ्या पैशांच्या आसपासही फिरकू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माइक हर्न यांनी गूगलमध्ये नोकरीस असताना लिहिलेली ही लायब्ररी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती अपाची २.० परवान्याखाली मिळते. ती सर्व व्यवहारांची नोंद असलेली ब्लॉकची संपूर्ण साखळी (ब्लॉकचेन) उतरवून घेत नाही. प्रत्येक ब्लॉकचा ८० बाइटचा मथळा तेवढा तपासते आणि आपल्या किल्ल्यांशी (रक्कम खर्चण्याचा अधिकार देणाऱ्या गुप्त संख्यांशी) संबंधित व्यवहार दुसऱ्या नोडकडून, म्हणजे जाळ्यातील दुसऱ्या संगणकाकडून, मागवते. त्यामुळे शेकडो गीगाबाइट जागा न अडवता वॉलेट साध्या फोनवरही चालते. मात्र सगळे नियम स्वतः पडताळण्याऐवजी मायनरांच्या (नवे ब्लॉक तयार करणाऱ्यांच्या) बहुमतावर विसंबावे लागते, ही त्याची किंमत.

आरंभ ‘रेगटेस्ट’पासून करावा. हे आपल्याच संगणकावर चालणारे खासगी जाळे असून त्यात ब्लॉक आपल्या आज्ञेनुसार क्षणात तयार होतात. बिटकॉइन कोअर हा नोड चालवणारा प्रोग्राम या पद्धतीने सुरू करून १०१ ब्लॉक काढावेत. १०१च का, तर मायनिंगचे बक्षीस त्यावर आणखी १०० ब्लॉक चढल्याशिवाय खर्चता येत नाही. मग पहिल्या ब्लॉकचे ५० बिटकॉइन, अर्थात लुटुपुटीचे, हाती येतात. लायब्ररीतील ‘वॉलेटॲपकिट’ स्थानिक नोडला जोडून या किटने दिलेल्या पत्त्यावर थोडी रक्कम पाठवावी आणि आणखी एक ब्लॉक काढून व्यवहार पक्का करावा.

येथे नवशिके हमखास अडतात. व्यवहार गाळून मागवण्यासाठी बिटकॉइनजे ब्लूम फिल्टर (आपल्याला हवे ते व्यवहार नोडला ढोबळपणे कळवणारी चाळणी) वापरते, पण कोअरच्या ०.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नोड ही सेवा आपणहून देत नाही. ‘पीअरब्लूमफिल्टर्स’ ही सेटिंग चालू न केल्यास आपला प्रोग्राम कोणतीही चूक न दाखवता नुसता वाट पाहत बसतो, आणि विद्यार्थी बिचारा रात्रभर स्वतःचाच कोड तपासत राहतो.

रक्कम दशांश अपूर्णांकात कधीही ठेवू नये. लायब्ररीतील ‘कॉइन’ हा प्रकार सातोशींची पूर्ण संख्या धरतो आणि एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात.

एवढे जमले की वॉलेटची फाइल मुद्दाम पुसून टाकावी आणि लिहून ठेवलेल्या बीजशब्दांवरून (ज्यांपासून वॉलेटच्या सर्व किल्ल्या पुन्हा बनवता येतात त्या शब्दांवरून) ते पुन्हा उभे करून पाहावे. शब्दांसोबत वॉलेट तयार केल्याची तारीखही टिपून ठेवावी, कारण साखळीचा शोध कोठून घ्यायचा हे लायब्ररी त्या तारखेवरूनच ठरवते. ती चुकून नंतरची दिली गेली, तर जुने व्यवहार दिसणारच नाहीत.