ऑनलाइन लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या स्त्रियांचे पूर्वायुष्य

मुलांविरुद्धच्या ऑनलाइन लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या स्त्रियांच्या पूर्वायुष्यावर काही संशोधन झाले आहे का, आणि त्या स्वतः बालपणी अत्याचाराला बळी पडलेल्या असतात हे खरे का, असे आपण विचारले आहे. ठाणे जिल्ह्यातील पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या खटल्यांत मी सपोर्ट पर्सन म्हणून काम करते, म्हणजे जबाबापासून निकालापर्यंत पीडित मुलाच्या सोबत राहते. त्यामुळे हे संशोधन मी गरजेपोटी वाचत आले आहे.

केवळ ऑनलाइन गुन्ह्यांवरचे अभ्यास थोडे आहेत. बरीचशी माहिती लैंगिक गुन्हे करणाऱ्या स्त्रियांच्या एकूण अभ्यासातून मिळते. जिल लेव्हनसन आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अमेरिकेतील अभ्यासात अशा ४७ स्त्रिया होत्या. त्यांतील निम्म्या जणींवर बालपणी लैंगिक अत्याचार झाला होता. मारहाण, हेळसांड, घरातले कोणी तुरुंगात असणे अशा प्रतिकूल अनुभवांपैकी चार किंवा अधिक अनुभव ४१ टक्के जणींच्या वाट्याला आले होते; सर्वसाधारण स्त्रियांत हे प्रमाण १५ टक्के होते. ब्रिटनमध्ये थेरेसा गॅनन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २२ स्त्रियांच्या कहाण्यांवरून बालपणापासून गुन्ह्यापर्यंतचा क्रम मांडला, त्यात जोडीदाराकडून झालेला छळही ठळकपणे येतो.

मात्र हे आकडे उलट दिशेने वाचू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बालपणी अत्याचार सोसलेल्या बहुसंख्य स्त्रिया कोणत्याही मुलाला इजा करत नाहीत, आणि त्यांच्याकडे संशयाने पाहणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

पुरुषाच्या दबावाचेही तसेच आहे. १९८९ मध्ये मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी केलेल्या वर्गीकरणात पुरुषाच्या धाकाने गुन्ह्यात ओढल्या गेलेल्या स्त्रियांचा वेगळा गट होता, पण स्वतःहून गुन्हा करणाऱ्यांचे गटही त्यातच होते. ऑनलाइन गुन्ह्यात तो पुरुष घरात असण्याचीही गरज नसते. परगावी बसून, केवळ फोनवरून तो फोटो मागत राहू शकतो. म्हणून दबाव होता का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावे, आधीच गृहीत धरू नये.

आणखी एक गोष्ट म्हणजे हे सारे अभ्यास पकडल्या गेलेल्या स्त्रियांचे आहेत. फ्रांका कॉर्तोनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १२ देशांतील माहिती एकत्र केली, तेव्हा पोलिसांकडे नोंदलेल्या लैंगिक गुन्ह्यांत स्त्रियांचा वाटा सुमारे २ टक्के निघाला, पण पीडितांच्या सर्वेक्षणांत तो जवळपास १२ टक्के होता. या दोन आकड्यांमधले अंतर मला एका मुलीमुळे कळले. तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. बोलायला बसण्याआधी ती टेबलावरचा माझा फोन पालथा ठेवायची, त्यावर आपली वही ठेवायची आणि विचारायची, "मावशी, आता नाही ना दिसत?" घरातल्या बाईने काढलेल्या फोटोंबद्दल तिने त्याआधी दोन मोठ्या माणसांना सांगितले होते. बाई असे करणार नाही, म्हणून दोघांनीही तिला गप्प बसवले होते.