जपानी गाडीचे खरे वय

प्रश्न : नैरोबीत जुनी टोयोटा कोरोला अ‍ॅक्सिओ पाहिली. चॅसी क्रमांक 'एनझेडई१४१' असा सुरू होतो, पण व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) तपासणाऱ्या साइटवर काहीच सापडत नाही. जपानी कागदावर 'हेइसेई २१' (जपानी सम्राटाच्या राजवटीचे वर्ष) आहे. गाडी कोणत्या सालची?

उत्तर : साइटवर सापडणार नाही. ती १७ अक्षरी क्रमांक मागते. जपानच्या देशी बाजारातल्या गाड्यांना तो नसतोच. त्यांच्या चॅसी क्रमांकात सालही लपलेले नसते. 'एनझेड' म्हणजे इंजिनाचे कुटुंब (तुमचे १.५ लिटरचे १एनझेड), 'ई' म्हणजे कोरोला. १४१च्या जागी १४४ असता तर फोर-व्हील ड्राइव्ह.

हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवा : २००९. (त्यानंतरची राजवट, रेइवा, असेल तर २०१८ मिळवा.) पण हे पहिल्या नोंदणीचे साल, गाडी त्याआधी काही महिने उभी असू शकते. केनियात आयातीची आठ वर्षांची वयोमर्यादा मात्र नोंदणीपासूनच मोजतात.

बांधणीच्या अंदाजासाठी सीटबेल्ट पूर्ण ओढून तळाच्या लेबलवरची तारीख वाचा. पट्टा गाडीच्या थोडा आधी बनतो. सगळे पट्टे पाहा. एकाचीच तारीख बरीच नंतरची निघाली, तर तो बदललाय. मग अपघाताबद्दल विचाराच. शेवटी पाटीवरचा आणि पत्र्यावर कोरलेला चॅसी क्रमांक कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा.