प्रोकायनेटिकने पित्ताशय आकसतं का? आधी स्कॅनच्या दिवशीच्या गोळ्या तपासा

सासूबाईंना जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ, सोनोग्राफीत खडा नाही, हायडा स्कॅनमध्ये (पित्ताशय किती रिकामं होतं हे मोजणारी तपासणी) पित्ताशय २६ टक्केच रिकामं झालेलं, आणि आता पोट हलवणाऱ्या गोळीने, म्हणजे प्रोकायनेटिकने, पित्ताशयही हलेल का, हा तुमचा प्रश्न. आमच्या घरी हेच झालं होतं म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषध माझ्या सांगण्यावरून बदलू नका.

सगळी प्रोकायनेटिक्स सारखी नसतात. जेवणानंतर पित्ताशय आकसतं ते मुख्यतः सीसीके या हॉर्मोनमुळे. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की ते सुटतं. डोम्पेरिडोन जठर लवकर रिकामं करतं, पित्ताशयाच्या स्नायूवर त्याचा फारसा थेट जोर नाही. एरिथ्रोमायसिनचं वेगळं. हे अँटिबायोटिक कमी मात्रेत मोटिलिन या पोट-आतडी हलवणाऱ्या हॉर्मोनच्या रिसेप्टरवर काम करतं आणि त्याने पित्ताशय खरंच आकसतं. पण रोज घेत राहिलं की परिणाम ओसरत जातो. शिवाय ते डोम्पेरिडोनसोबत घेणं हृदयाच्या ठोक्यांसाठी धोक्याचं.

आमचं खरं नुकसान केलं ते एका स्कॅन सेंटरने. पोटात मुरडा येतो म्हणून ह्यांना डायसायक्लोमिन चालू होतं. सेंटरने फोनवर फक्त "उपाशी या" एवढंच सांगितलं. फॉर्मवर औषधांचा रकानाच नाही, तंत्रज्ञानेही विचारलं नाही. डायसायक्लोमिन स्नायू सैल करतं, म्हणजे पित्ताशयाला आकसू न देणारं औषध पोटात असताना ते किती आकसतं हे मोजलं! वर दूध-लोणी देऊन केलेल्या तपासणीला ३८ टक्क्यांची मर्यादा लावली (त्याहून कमी रिकामं झालं तर दोष धरतात). ती सिन्कलाइडचं (सीसीकेसारखं काम करणारं औषध) इंजेक्शन तासभर सावकाश देऊन केलेल्या तपासणीची आहे. सर्जननी ऑपरेशनची तारीखही दिली होती. दुसऱ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी वाचली, गोळी थांबवून स्कॅन पुन्हा करवला, आणि पित्ताशय व्यवस्थित रिकामं झालं. सेंटरवर विचारायला गेलो तर काउंटरवरून उत्तर आलं, "रिपोर्ट बरोबर आहे, औषधांचं डॉक्टरांना विचारा." माणसाचा एक अवयव जाणार होता, आणि एक प्रश्न विचारायला यांना वेळ नव्हता. अजून संताप होतो.

ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि बीपीची निफेडिपिनही असाच गोंधळ घालू शकतात. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

माझं मत असं: गोळीने पित्ताशय सुधारेल या आशेवर महिने घालवू नका, आणि एकाच रिपोर्टवर ऑपरेशनलाही हो म्हणू नका. ताप, कावीळ किंवा तासन्‌तास न थांबणारी कळ असेल तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

आणखी एक, अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलवर 'डीएसआर' लिहिलं असेल तर तिच्यात डोम्पेरिडोन आधीच असतं. बऱ्याच घरांत ते माहीत नसतं आणि वरून दुसरी गोळी सुरू होते. त्यामुळे सासूबाईंची सगळी पाकिटं समोर ठेवा, स्कॅनच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी काय काय घेतलं होतं ते इथे लिहा, आणि तीच यादी डॉक्टरांनाही दाखवा.