'गोल पात्र' म्हटलं की घागरच आठवणार

नववीला मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे की, कथेतल्या माणसांबद्दल शिकवताना 'फ्लॅट कॅरेक्टर' आणि 'राउंड कॅरेक्टर' यांना मराठीत काय म्हणावं? त्यांनी फळ्यावर 'सपाट पात्र' आणि 'गोल पात्र' असं लिहिलं, तर दोन मुलांनी वहीत ताटली आणि घागर काढून दाखवली. शिवाय पात्र, व्यक्तिरेखा, चरित्र, भूमिका हे शब्द मुलं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, ते चालवून घ्यावं का, असंही त्यांनी विचारलं आहे.

घागर काढणाऱ्या मुलांचं काही चुकलं नाही. 'पात्र' हा शब्द संस्कृतातल्या 'पा' म्हणजे पिणे या धातूवरून आला आणि पिण्याचं भांडं हा त्याचा जुना अर्थ. नदीचं पात्र, दानाला योग्य तो सत्पात्र, परीक्षेला बसण्याची पात्रता, ही सगळी त्याच घरातली मंडळी. काही तरी सामावून घेण्याची जागा किंवा लायकी हा या सगळ्यांतला समान धागा. नाटक-कथेतल्या पात्राकडेही मी तसंच पाहतो. पात्र म्हणजे कथेतली एक जागा. दारावरची कडी वाजते, पोस्टमन पत्र देतो आणि जातो. तो पात्र झाला. पण तो जाता जाता पत्रावरचं अक्षर पाहून "पोराचं आलं वाटतं, बरा आहे ना?" असं विचारतो आणि उत्तराची वाट पाहत उंबऱ्याशी घुटमळतो, तेव्हा त्या जागेत माणूस भरायला लागतो. त्या भरलेल्या माणसाला म्हणायचं व्यक्तिरेखा.

म्हणून "या कथेत पात्रं किती?" असं विचारावं आणि "आजीची व्यक्तिरेखा लेखकाने कशी उभी केली आहे?" असं विचारावं. पात्रं मोजता येतात, व्यक्तिरेखा रेखाटावी लागते. भूमिका नटाची असते: अमक्या नटाने 'एकच प्याला' नाटकातल्या सुधाकरची भूमिका केली. 'चरित्र' मात्र मी वहीत खोडून काढीन. मराठीत चरित्र म्हणजे कोणाच्या तरी आयुष्याची हकिकत, आणि चारित्र्य म्हणजे शील. 'चरित्र-चित्रण' हा हिंदीतला शब्द आहे. तिथे तो अगदी बरोबर, पण भाषांतरित प्रश्नपत्रिकांतून तो आपल्याकडे शिरतो तेव्हा मुलं "नायकाचे चरित्र लिहा" याचं उत्तर जन्मतारखेपासून सुरू करतात. आपल्याकडे व्यक्तिचित्रण, स्वभावचित्रण असे चांगले शब्द आहेत. व्यक्तिचित्र हा आणखी वेगळा प्रकार. एखाद्या माणसावरच लिहिलेला स्वतंत्र लेख म्हणजे व्यक्तिचित्र. कादंबरीतल्या एखाद्या माणसाला उद्देशून तो शब्द वापरू नये.

आता मुख्य प्रश्न. फ्लॅट आणि राउंड ही जोडी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांतून रूढ झाली. एकाच कल्पनेभोवती किंवा एकाच गुणाभोवती रचलेलं माणूस ते फ्लॅट. जे आपल्याला चकित करू शकतं, आणि तरीही ते खरं वाटतं, ते राउंड. यातला दुसरा भाग वर्गात हमखास गळतो. चकित तर कोणीही करील. शेवटच्या पानावर खलनायकाचा अचानक साधू झाला की चकित व्हायला होतंच, पण पटत नाही.

फॉर्स्टर यांनी फ्लॅट माणसांना कमी लेखलेलं नाही. ती चटकन ओळखू येतात, लक्षात राहतात, असं कौतुकच केलं आहे. मराठीतलं 'सपाट' मात्र जिथे लागतं तिथे नापसंती घेऊन येतं: सपाट आवाज, सपाट लेखन. आणि 'गोल' तर त्याहून अडचणीचं. गोलमाल, गोलगोल बोलणं, सगळीकडे लबाडीचाच वास. ज्या माणसाला लेखकाने सगळ्यांत जीव ओतून घडवलं त्याला आपण 'गोल' म्हणायचं, हे मला बोचतं.

माझं उत्तर: एकपदरी आणि बहुपदरी. समीक्षेत 'व्यामिश्र', म्हणजे गुंतागुंतीचा, हा शब्द चालतो, पण चौदा वर्षांच्या मुलाला तो आधी समजावून सांगावा लागेल. पदर त्याला माहीत आहे. घडीच्या पोळीचे पदर सुटतात, हार दुपदरी असतो, गावाजवळून चौपदरी रस्ता जातो. वरचा पदर उचलला की खाली दुसरा असतो, आणि दोन्ही पदर एकाच कणकेचे. बहुपदरी व्यक्तिरेखेबद्दल नेमकं हेच सांगायचं असतं.

उदाहरणाला राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या, 1919 साली रंगभूमीवर आलेलं. तळीराम पहिल्यापासून शेवटपर्यंत दारूचा भक्त. दारूबाजांचं मंडळ काढणारा, दारूची बाजू मांडताना शब्द अपुरे न पडणारा. सुधाकर हुशार वकील, मानी, अपमान सहन न होणारा. कोर्टातल्या प्रसंगानंतर सनद काही काळासाठी जाते आणि तो दारूकडे वळतो. मग सोडतो, पुन्हा अडकतो. बायकोवर त्याचं प्रेम आहे आणि तिचं वाटोळंही तोच करतो. आता भाषेकडे बघा. एकतीस डिसेंबरच्या आसपासचं कोणतंही मराठी वर्तमानपत्र उघडा, "तळीरामांवर कारवाई" ही बातमी सापडेल. तळीरामाचं सामान्यनाम झालं, त्याचं अनेकवचनही झालं. सुधाकरचं झालं नाही. "सुधाकरांवर कारवाई" असं कोणी लिहिणार नाही, कारण कोणता सुधाकर, कधीचा सुधाकर, असा प्रश्न उरतो.

मला वाटतं वर्गात हीच कसोटी द्यावी. नावाचं सामान्यनाम होतं का? कळीचा नारद, शकुनीमामा, कुंभकर्ण, ही नावं मुलं रोज वापरतात. महाभारतातला कर्ण इथे मोठा गमतीचा आहे. "कर्णासारखा दानशूर" म्हणतो तेव्हा आपण त्याचा एकच पदर उचलतो. सूतपुत्र म्हणून झालेला अपमान, दुर्योधनाशी मैत्री, द्रौपदीच्या अपमानाच्या वेळचं त्याचं बोलणं हे सगळं बाजूला राहतं. म्हणजे एकच माणूस म्हणीत एकपदरी आणि महाकाव्यात बहुपदरी. यावर मुलं तासभर भांडतील, आणि भांडू द्यावं.

एकपदरी पात्र म्हणजे फसलेलं पात्र, असं मात्र मुलांच्या मनात बसू देऊ नका. तमाशातल्या गौळणीत मावशी आणि पेंद्या यांनी दरवेळी नवं काही करावं अशी अपेक्षाच नसते. ती माणसं आपल्या ओळखीची आहेत यातच मजा. नाट्यशास्त्राच्या परंपरेत तर नायकाचे धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत असे चार नमुने आधीच ठरलेले. जमलेल्या एकपदरी पात्राला 'ठसठशीत' म्हणावं. एखाद्या गटाच्या वतीने उभं असलेलं पात्र 'प्रातिनिधिक'. 'ठोकळेबाज' हा शब्द फक्त दोष दाखवायला राखून ठेवावा: तीच खाष्ट सासू, तोच विसराळू प्राध्यापक, लेखकाने स्वतः काही न बघता उचललेला.

बोलीत याची फार सुंदर सामग्री आहे. वल्ली, नग, नमुना, अर्क, इरसाल, बेरकी. "ते एक पात्रच आहे" असंही आपण म्हणतोच. हे शब्द मुलांकडून गोळा करून घ्या आणि प्रत्येकात फरक काय ते विचारा. नग आणि वल्ली यांतला फरक ज्याला सांगता आला, त्याला स्वभावचित्रण निम्मं कळलं.

उरलेल्या निम्म्यासाठी मी भाचीला एक गोष्ट करायला लावली होती. "काकू कंजूष होत्या" हे वाक्य 'कंजूष' शब्द न वापरता लिही. तिने लिहिलं: "काकूंनी गाळण्यातली चहापूड ताटलीत पसरून उन्हात ठेवली." छान. मग म्हटलं, आता याच काकूंचा दुसरा पदर दाखव, पण पहिला पुसायचा नाही. बराच वेळ गेला. शेवटी तिने शेजारच्या मुलीच्या परीक्षेची फी काकूंना भरायला लावली, आणि पावती मागून घेऊन ती डब्यात जपून ठेवायला लावली. ती पावती वाचून मला खरोखर आनंद झाला. चहापूड वाळवणारी बाईच ती पावती मागेल.

फळ्यावर लिहाल तेव्हा एक बघा: 'व्यक्ती' सुटा लिहिला की दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. म्हणून व्यक्तिरेखा, व्यक्तिचित्रण. 'व्यक्तीरेखा' हे रूप छापील पुस्तकांतही आढळतं, पण ते चूक आहे.