लिच पहिल्याच राऊंडला मेला, आता काय करू?

प्रश्न : ताई, आमचा पाच प्लेअर्सचा डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ) ग्रुप आहे, 2014 चे नियम वापरतो, आता सगळे 17 व्या लेव्हलला पोचलेत. मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा. कॅम्पेनचा (आमच्या लांबलचक गोष्टीचा) मेन व्हिलन लिच, म्हणजे मरूनही उरलेला जादूगार, होता, कित्येक महिने त्याची हवा केली होती, आणि शेवटच्या फाइटला फायटर (लढवय्या) आणि पॅलाडिन (देवभक्त योद्धा) दोघांनीच त्याला पहिल्या राऊंडमध्ये (सगळ्यांची एकेक टर्न) उडवला, बिचाऱ्याची टर्नसुद्धा आली नाही. पुढच्या मॉन्स्टरचे एचपी (जीवाचे पॉइंट) सरळ तिप्पट करू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिप्पट नको करूस. आधी नेमकं झालं काय ते बघ. पुस्तकातल्या लिचचं चॅलेंज रेटिंग (किती अवघड ते) 21 आहे पण एचपी फक्त 135 आणि एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, 17. तुझ्या फायटरकडे प्लस थ्रीची जादूची मोठी तलवार आहे असं धरू, म्हणजे एका वाराला सरासरी 15 डॅमेज, ॲक्शन सर्ज (त्याच टर्नमध्ये आणखी एक ॲक्शन) वापरला की सहा वार, त्यातला एखादा चुकला तरी 75 ते 80 कुठे गेले नाहीत. पॅलाडिनने दोन वारांवर मोठे स्लॉट (जादूचा साठा) जाळून स्माइट (वारात दैवी डॅमेजची भर) केलं की अजून तेवढेच. झाले दीडशे! आणि तुझे तीन प्लेअर अजून खेळायचेच आहेत. म्हणजे नियमांप्रमाणे बरोबरच झालं सगळं, फक्त लिचला त्या दोघांच्या हाताच्या अंतरावर उभं केलं तिथे घोळ झाला.

आणि मुख्य म्हणजे तुझा लिच मेलेलाच नाही! आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा ना, तसा याचा जीव फिलॅक्टरी नावाच्या जादूच्या वस्तूत, आणि ती शाबूत असेल तर 1 ते 10 दिवसांत त्याच फिलॅक्टरीपासून 5 फुटांच्या आत तो नव्या शरीरात पूर्ण एचपीसकट उठतो. तर पुढच्या सेशनला एक दहा बाजूंचा फासा गुपचूप टाक आणि तेवढे दिवस मोजायला लाग. यावेळी त्याला माहितीये कोण कसं मारतं. त्याच्याकडे स्क्राइंग (लांबून बघणं) आहे, डायमेन्शन डोअर (क्षणात दुसरीकडे जाणं) आहे, काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल मोडणं) आणि शील्ड (वार अडवणं) आहे, हे सगळं त्याने वापरलेलं दिसू दे, तो उंच गॅलरीत असू दे, मधे दोन दणकट पहारेकरी असू देत, आणि प्लेअर्सच्या टर्ननंतर लेजंडरी ॲक्शन (दुसऱ्याची टर्न संपली की मिळणाऱ्या जादा चाली, राऊंडला तीनपर्यंत) वापरायला विसरू नकोस कारण पाच जणांच्या पाच टर्न आणि समोर एकट्याची एक, हे गणित कितीही एचपी दिले तरी हरणारंच आहे.

एचपी किती द्यायचे ते पुस्तकात नाही, तुझ्या टेबलावर सापडेल. दोन-तीन फाइट्समध्ये एका कागदावर लिहून काढ की सगळी पार्टी मिळून एका राऊंडला सरासरी किती डॅमेज करते. समज 200 आलं आणि तुला फाइट चार राऊंड चालायला हवीये, तर 800 होतात, पण ते सगळे लिचला देऊन टाकलेस तर नुसतं पोतं बडवल्यासारखं होईल. लिचला 300 दे, पहारेकऱ्यांमध्ये 250 वाट, आणि उरलेला डॅमेज प्लेअर्सना करताच येणार नाही अशी सोय कर, म्हणजे कुणीतरी वार सोडून फिलॅक्टरीकडे धावतोय, कुणीतरी कोसळणारा दरवाजा धरून ठेवलाय. हाय लेव्हलचं बॅलन्सिंग म्हणतात ते मला तरी इथेच दिसतं. प्लेअर्सच्या ॲक्शन कशावर खर्च होतात ते ठरव, आकडे मग आपोआप जागेवर येतात.

प्रश्न : आमचा विझर्ड (जादूगार) प्रत्येक बॉसला फोर्सकेज या स्पेलच्या पिंजऱ्यात कोंडतो. सेव्हिंग थ्रोच (स्पेलमधून वाचायचा फासा) नाही त्यामुळे लेजंडरी रेझिस्टन्सचा (तो फासा फसला तरी वाचायची बॉसची सोय) पण उपयोग नाही. मी हा स्पेल बॅन करावा का? बाकीचे डीएम म्हणतात कर.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : प्लीज बॅन करू नका. 13 लेव्हल चढून आलेल्या माणसाला त्याचं सगळ्यात भारी हत्यार मिळालंय आणि आपण ते काढून घेतोय, हे मला मनापासून पटत नाही. 2024 च्या नियमांत फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन (लक्ष मोडलं की स्पेल संपतो) लावलंय, आधी ते नव्हतं, तेवढा बदल ग्रुपशी बोलून घ्या आणि थांबा. मग विझर्डला फटका बसला की पिंजरा तुटू शकतो, तो आता लपून खेळेल, बाकीचे त्याला सांभाळतील, त्यातूनच छान टेन्शन तयार होतं.

आणि मॉन्स्टर बनवताना असा विचार करून बघा की याला कोंडलं तर काय होईल? काहीच होत नसेल तर डिझाइन अर्धवट आहे. राक्षसिणीला कोंडलंय पण तिच्या पुजाऱ्यांचा विधी शेजारच्या दालनात चालूच आहे, असं केलंत तर विझर्डचा स्पेल पूर्ण यशस्वी झाला तरी फाइट संपली नाही. दुसरा उपाय मला फार आवडतो, बॉसला किंमत मोजून सुटका द्यायची. उदाहरणार्थ, ‘दिवसातून दोनदा ही स्वतःचे 60 एचपी जाळून कुठल्याही बंधनातून सुटते आणि तिचं एक शिंग कायमचं गळून पडतं, त्या शिंगाचा हल्ला मग तिला करता येत नाही.’ प्लेअरला दिसतं की आपल्या स्पेलने 60 डॅमेज केलं आणि एक हल्ला कमी केला, स्पेल फुकट गेला नाही. ‘नाही, तुझा स्पेल चालत नाही’ यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

प्रश्न : एक फाइट झाली की आमची पार्टी लगेच लाँग रेस्ट (ताकद परत देणारी मोठी झोप) घेते, मग पुढची फाइट पण सोपी जाते. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 2014 च्या डीएमच्या पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम-कठीण फाइट्स धरल्यात, सगळं गणित त्यावर बसवलंय. तेवढ्या कुणी खेळत नाही, पण दोन-तीन तरी हव्यातच. झोपायला आठ तास लागतात ना? त्या आठ तासांत शत्रू काय करतो ते ठरवा आणि प्लेअर्सना आधीच सांगून टाका. बस.

प्रश्न : टेरास्क (एक महाकाय मॉन्स्टर) काढला होता, प्लेअर्सनी फ्लाय (उडायचा स्पेल) मारून वरून धनुष्यबाण चालवले, तो खाली नुसता उभा. चॅलेंज रेटिंग 30 आणि हे असं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : जुन्या टेरास्ककडे खरंच लांबून मारायला काही नव्हतं, 2025 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याला 150 फुटांची गर्जना दिलीये, ती उचला हवं तर. पण जुनासुद्धा चालतो, फक्त तो प्लेअर्सशी लढायला आलाय हे डोक्यातून काढा. तो शहर खायला आलाय. त्याचा वेग 40 फूट, वरून तीनही लेजंडरी ॲक्शन चालण्यात घातल्या तर राऊंडला 100 फूट होतात, आणि इमारतींना तो दुप्पट डॅमेज करतो. 676 एचपी आणि एसी 25 समोर बाणांनी मारायला समजा 20 राऊंड लागले, म्हणजे खेळातली फक्त 2 मिनिटं, पण तेवढ्यात तो 2000 फूट आत घुसलेला असतो. तर शहराचा नकाशा काढा, वेशीपासून राजवाड्यापर्यंत 2000 फूट ठेवा आणि वाटेत प्लेअर्सच्या ओळखीची ठिकाणं टाका, त्यांची नेहमीची खानावळ, पॅलाडिनचं देऊळ, विझर्डच्या गुरूचा मनोरा, आणि प्रत्येकावर राऊंडचा आकडा लिहा. पाचव्या राऊंडला खानावळ. वर उडत राहिले तर ते सुरक्षितच आहेत, राहू देत, त्यांना खाली यायची जबरदस्ती करू नका.